चालू

आमची छकुली वीस महिन्यांची झाली तरी बोलत नव्हती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

नियमित वाचणाऱ्यांना तिची चालण्याची गोष्ट आठवत असेल. पंधरावा महिना सरत आला तरी बाईसाहेब सोफा सोडायला तयार नव्हत्या आणि फोनवर प्रत्येक जण आपापल्या नातवंडाचा आकडा सांगायचा. कुणाचं दहाव्या महिन्यात, कुणाचं साडेनवव्या. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता काढून दाखवला होता. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांना पाहून केलेला, २००६ साली आलेला. त्यात आधाराविना चालण्याची मुदत साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेली आहे. एवढी मोठी मुदत पाहून माझा जीव भांड्यात पडला. पुढच्याच आठवड्यात छकुली स्वयंपाकघरातून निघाली ती थेट बाल्कनीपर्यंत गेली. मध्ये एकदाही पडली नाही.

बोलण्याचं मात्र असं निभावेना. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा 'बाबा ऑफिस' म्हणायला लागला, आणि आमच्याकडे आई, बाबा, भू भू, नको यापुढे गाडी सरकेना. सल्ले सुरू झाले. एका नातेवाइकांनी ठणकावून सांगितलं, घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी तेलुगू, सोसायटीत हिंदी, मूल गोंधळणार नाही तर काय! एकच भाषा ठेवा, तीही इंग्रजी ठेवा, शाळेत तीच लागणार आहे.

खरं सांगते, मी जवळजवळ मान्य केलं होतं. दोन दिवस तिच्याशी 'कम हिअर बेबी' करून पाहिलंही. माझं माहेर साताऱ्याचं. त्या दोन दिवसांत माझ्याच तोंडून माझ्या लेकीशी परक्यासारखं बोललं जात होतं आणि तीही माझ्याकडे तशीच बघत होती.

डॉक्टरांनी आधी कानाची तपासणी करायला सांगितली. ती केली, कान ठणठणीत निघाले. (ही तपासणी टाळू नका. 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' हे वाक्य प्रत्येक घरात असतं, पण त्याने ऐकू येत नाही.) मग त्यांनी विचारलं, ती किती शब्द बोलते? मी आठ सांगितले. 'सगळ्या भाषांचे मिळून?' मी गप्प. त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, फक्त मोजायचं ते दोन्हींतलं मिळून मोजायचं. यादी करून आणा. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडी दिसायला हवी, नाही तर पुढचं बघू.

यादी कोण करणार? मला तेलुगू येत नाही. हैदराबादेत चार वर्षं झाली, पण हिंदीवर भागतं.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही मुधोळला गेलो. मुधोळ हे माझं सासर, बासरच्या सरस्वतीच्या देवळापासून जवळ. नव्या वाचकांसाठी सांगते, आमच्या या घराने जागेवरून न हलता बरंच काही पाहिलंय. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो आदिलाबादला जोडला गेला आणि घर आंध्र प्रदेशात आलं. २०१४ मध्ये तेलंगण झालं, २०१६ मध्ये जिल्हा निर्मळ झाला. लोक मात्र अजून सवयीने आदिलाबादच म्हणतात. आजेसासऱ्यांचे जुने कागद उर्दूत, सासूबाईंची पोथी मराठीत, रेशनकार्ड तेलुगूत. आणि कुणी गोंधळलेलं मला अजून तरी दिसलेलं नाही.

पहिल्याच दुपारी ओसरीवर मी छकुलीला वरणभात भरवत होते. पाच-सहा घास झाले आणि ती नेहमीप्रमाणे म्हणाली, 'चालू.' आमच्याकडे हा ठरलेला कार्यक्रम. तिला फिरत फिरत जेवायचं असतं, असं मी समजत होते. म्हणून वाटी हातात घेऊन उठले, तिला कडेवर घेतलं आणि अंगणात फेऱ्या सुरू केल्या. ती मान फिरवून ओरडायला लागली, 'चालू! चालू!' 'चालतेय ना गं राणी,' म्हणत मी आणखी भराभर चालायला लागले.

सासूबाई कपाशीच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

'काहून गं, लेकरू चालू म्हणायलंय अन् तू घास कोंबायलीस?'

'तेच तर, आई. चालवतेय ना तिला.'

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छकुलीकडे, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चालू म्हणजे तेलुगूत 'पुरे'. माझी लेक गेले तीन महिने पुरे म्हणत होती आणि मी तिला पोट भरल्यावर अर्धा-अर्धा तास फिरवून भरवत होते.

हसू आलंच, पण त्याआधी पोटात कसंतरी झालं. ती बोलत होती. ऐकणारी मीच नव्हते.

त्या संध्याकाळी सासूबाई, मी आणि कॅलेंडरची पाठकोरी बाजू. 'पा' म्हणते तेव्हा मी पाणी द्यायचे आणि ती पेला भिरकावायची, तिला हवं असायचं पालु, म्हणजे दूध. पाण्याची बाटली पाहून 'निळू' म्हणायची. बाटली निळी आहे, म्हणून आम्ही ती रंग ओळखते असं चारचौघांत कौतुक केलं होतं. ते निघालं नीळ्ळु, पाणी. कुत्र्याला आमच्यासमोर भू भू आणि मावशींसमोर कुक्का. नकोला आमच्याशी नको, त्यांच्याशी वद्दु. कुणाशी काय बोलायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्रीपर्यंत एकतीस शब्द झाले, त्यांतले सतरा तेलुगू.

तुम्ही म्हणाल, नवरा मुधोळचा, त्याला कळलं नाही? तो पाचवीपासून नांदेडला शिकायला, त्याचं तेलुगू दुकानापुरतं, आणि घरी येतो तेव्हा लेक झोपलेली. तरी विचारलंच. म्हणाला, 'चालूचं मला माहीत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत असेल.' यावर मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी बासरला गेलो. अक्षराभ्यासाला केवढी गर्दी! नवे कपडे, कोरी पाटी, मांडीवर बसवलेली रडवेली मुलं आणि त्यांच्या मुठी धरून गिरवून घेणारे हात. आमच्या आसपास निम्मी माणसं मराठी बोलणारी होती, नांदेडकडून, परभणीकडून आलेली. सासूबाई म्हणाल्या, अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आणू. मी विचारलं, 'आई, पाटीवर पहिलं अक्षर कोणतं काढायचं? आपलं की तेलुगू?' त्यांनी क्षणभर विचार केला. 'पाटीला दोन बाजू असत्यात की.'

परतीची गाडी बासर स्टेशनवरून होती. सासूबाई सोडायला आल्या होत्या. दोन वर्षं आम्ही त्यांना हैदराबादला राहायला या म्हणतोय, त्या शेताचं कारण सांगतात. गाडी लागली, आम्ही चढलो, आणि छकुलीने दारातून हात पुढे केला.

'आज्जी, रा.'

तिची पहिली जोडी. डॉक्टरांनी सांगितलेली, दोन शब्दांची. मुधोळच्या मराठीत रा म्हणजे राहा, आणि मला वाटलं ती आजीला थांबायला सांगतेय. पण तेलुगूत रा म्हणजे ये.

सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. गाडीने भोंगा दिला.

'आले बाळा. एवढा कापूस येचून होऊ दे.'

डिसेंबरात त्या येताहेत. मी मावशींकडून रोज पाच शब्द शिकतेय. छकुली माझे उच्चार ऐकून हसते.