वासाआडची पळवाट

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्री सोडून रानटी प्राण्यांची शिकार करण्यावर 18 फेब्रुवारी 2005 पासून बंदी आहे. तरीही 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला आपल्या जाहीरनाम्यात 'ट्रेल हंटिंग'वर बंदी घालण्याचे वचन द्यावे लागले. जे एकदा कायद्याने बंद केले, तेच पुन्हा बंद करण्याची वेळ का यावी? बंदीचे विरोधक म्हणतात की मुळात कायदाच चुकीचा होता. समर्थक म्हणतात की पोलीस आणि न्यायालये ढिली पडली. माझ्या मते दोघांचेही निदान अपुरे आहे. त्या कायद्याचा उद्देश योग्य होता, पण त्याची सगळी मदार शिकाऱ्याच्या मनातल्या हेतूवर ठेवली गेली. मोकळ्या रानात, डझनावारी कुत्र्यांच्या मागे धावणाऱ्या घोडेस्वाराचा हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. प्राण्यांना खरोखर संरक्षण द्यायचे असेल, तर डोळ्यांना दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टींवर नियम बांधले पाहिजेत.

ट्रेल हंटिंगची रीत पाहिली की अडचण कुठे आहे ते कळते. एक जण कोल्ह्याच्या मूत्रासारख्या प्राणिजन्य वासात भिजवलेली चिंधी दोरीला बांधून माळावरून, कुंपणांच्या कडेने, झाडीतून ओढत नेतो. नंतर शिकारी कुत्र्यांचा कळप त्या मागावर सोडला जातो. ही पद्धत बंदीनंतर रूढ झाली. माग कुठून टाकला आहे हे कुत्री हाकणाऱ्यालाही अनेकदा सांगितलेले नसते. वास कोल्ह्याचा, रान कोल्ह्याचे आणि कुत्री कोल्ह्याच्या वासावर तयार केलेली. मग खरा कोल्हा उठला आणि कळप त्याच्यावर तुटून पडला, की 'अपघात झाला' एवढे म्हटले तरी पुरते. 2009 साली एक्समूरच्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दडलेल्या प्राण्याचा नुसता शोध घेणे ही शिकार नव्हे आणि आरोपीने कायद्यातल्या सवलतीचा आधार घेतला, तर ती लागू होत नाही हे सरकारी पक्षानेच सिद्ध करायचे. पुढे शिकारी संघटनेच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याला 2021 मध्ये दोषी ठरवले गेले. ट्रेलच्या आडून बंदी कशी चुकवावी याचे धडे त्याने ऑनलाइन बैठकांत दिले, असा आरोप होता. बैठकांचे चित्रण उपलब्ध होते, तरीही 2022 मध्ये अपिलात तो सुटला. शब्द ध्वनिमुद्रित असूनही हेतूबद्दल न्यायालयांची मते वेगळी पडतात. मग चिखलात उभ्या असलेल्या पोलीस शिपायाने काय सिद्ध करावे?

स्कॉटलंडने हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला, म्हणून त्याचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. तिथला पहिला कायदा इंग्लंडच्याही आधीचा, 2002 चा. पण बंदूकधाऱ्यांसमोर कोल्हा हुसकावण्यासाठी अख्खा कळप वापरण्याची मुभा त्यात राहिली आणि शिकार जवळपास जुन्याच थाटात सुरू राहिली. 2016 मध्ये निवृत्त न्यायाधीश लॉर्ड बोनोमी यांनी त्या कायद्याचा आढावा घेतला आणि त्यातल्या उणिवा दाखवून दिल्या. त्यानंतर 2023 मध्ये नवा कायदा आला. त्यात कुत्र्यांची मर्यादा दोनवर आणली आहे. त्याहून अधिक कुत्री हवी असतील तर नेचरस्कॉट या संस्थेचा परवाना लागतो आणि दुसरा परिणामकारक उपाय नाही हे आधी पटवून द्यावे लागते. ट्रेल हंटिंगवरची बंदीही वासाच्या प्रकारावर बेतली आहे. शिकारीच्या खेळासाठी प्राणिजन्य वासाचा माग टाकून त्यावर कुत्री सोडायची नाहीत. किती कुत्री आहेत, परवाना आहे का, चिंधीला कसला वास आहे, या प्रश्नांची उत्तरे कोणाच्याही मनात डोकावल्याशिवाय मिळतात.

यावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, शिकार थांबली तर कोल्हे माजतील आणि मेंढपाळांची कोकरे जातील. याची चाचणी नियतीनेच घेतली. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटनमध्ये शिकार जवळपास वर्षभर बंद होती. संशोधकांनी कोल्ह्यांच्या संख्येची आधीच्या संख्येशी तुलना केली, तेव्हा वाढ आढळली नाही. 'नेचर' नियतकालिकात 2002 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसरा आक्षेप असा की बंदुकीने जखमी झालेला कोल्हा अधिक हालहाल होऊन मरतो. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स समितीने 2000 च्या अहवालात हा मुद्दा कसोशीने तपासला. कळपाच्या तावडीत सापडलेला कोल्हा बहुधा काही सेकंदांत मरतो, हे समितीने मान्य केले. मात्र पाठलाग, पकड आणि मृत्यू या सगळ्यामुळे त्याच्या हिताला गंभीर बाध येतो, असेही तिने नोंदवले. रात्री दिव्याच्या झोतात सराईत नेमबाजाने रायफलने टिपणे तिला अधिक बरे वाटले. डोंगराळ भागात ते जमत नसेल, तर कुत्र्यांनी हुसकावून गोळी घालण्याची गरज पडू शकते, हेही तिने सांगितले. स्कॉटलंडची परवाना पद्धत नेमकी या गरजेसाठी आहे. डोंगरातल्या मेंढपाळाची अडचण खरी आहे, पण ती पुढे करून सपाट प्रदेशातल्या घोडेस्वारांच्या खेळाला सवलत मागता येणार नाही.

तिसरा आक्षेप जगण्याचा आणि अस्मितेचा आहे. सप्टेंबर 2002 मध्ये सुमारे चार लाख लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले, दोन वर्षांनी आंदोलक थेट कॉमन्स सभागृहात घुसले. शेवटी उमरावांच्या सभागृहाची संमती नसताना, 'पार्लमेंट अ‍ॅक्ट'चा आधार घेऊन कायदा करावा लागला. टोनी ब्लेअर यांनी पुढे आत्मकथनात या कायद्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. सहा ते आठ हजार पूर्णवेळ नोकऱ्या शिकारीवर अवलंबून असल्याचा अंदाज बर्न्स समितीनेच दिला होता, त्यामुळे ग्रामीण भागाची चिंता खोटी म्हणता येत नाही. पण घोडे, कुत्री, तबेले आणि त्यांवर पोट असलेली माणसे टिकवायला कोल्हा लागत नाही. प्राणिजन्य नसलेल्या वासाचा माग टाकून, कोल्हे नसतील अशा मोकळ्या रानातून धावणारे 'ड्रॅग हंटिंग' बंदीच्याही आधीपासून चालत आले आहे. हा कायदा म्हणजे श्रीमंतांवर काढलेला राग आहे, असेही म्हटले जाते. तसे असते तर त्याच कायद्याने सशांमागे कुत्री सोडण्याच्या शर्यती बंद केल्या नसत्या. त्या शर्यतींना सर्व थरांतले लोक गर्दी करत.

आपल्या भारतातल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हेतूवर मदार ठेवण्याची ही चूक मोठ्या प्रमाणात टाळली आहे. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत कुत्र्यांकरवी पाठलाग, फासे, सापळे, हाका, आमिष हे सगळे तर आहेच, शिवाय यांपैकी कशाचाही प्रयत्नसुद्धा शिकारच मानला आहे. प्राण्याचे मांस किंवा अवयव कोणाजवळ सापडले, तर कलम 57 नुसार तो बेकायदा बाळगल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटी मी नाकारत नाही. पण व्याख्या पक्की असेल तर निदान अंमलदाराला दाद मागता येते. व्याख्याच पोकळ असेल तर प्रामाणिक अधिकारीही हतबल होतो.

म्हणून इंग्लंडने नवा कायदा करताना फक्त ट्रेल हंटिंगचे नाव बंदीच्या यादीत घालून समाधान मानू नये. नाव बदलून तोच खेळ उद्या पुन्हा मैदानात येईल. कुत्र्यांची संख्या ठरवावी, प्राणिजन्य वासावर बंदी घालावी, खऱ्या गरजेला परवान्याचा दरवाजा ठेवावा आणि सवलत मागणाऱ्यावर ती सिद्ध करण्याची जबाबदारी टाकावी. क्रूरतेला विरोध करणारा कायदा कागदावर केला आणि तो मोडणे सोपे ठेवले, तर त्यातून प्राणी वाचत नाहीत आणि कायद्याची पत मात्र जाते. वीस वर्षांचा हा अनुभव समोर असताना पुन्हा तसाच मसुदा लिहिला गेला, तर त्याला चूक म्हणता येणार नाही. ती जाणूनबुजून ठेवलेली सोय ठरेल.