झाकण लावले तरी गाणे चालू राहते



आमच्या अकलूजला रेल्वे नाही. निकाह असो, वलीमा असो, नाहीतर दवाखान्याचे काम, बाहेर पडायचे म्हणजे एस.टी. किंवा गाडी. वेळापूर, पंढरपूर, मोहोळ करत सोलापूर गाठायचे तर निदान दोन-अडीच तास जातात, पुण्याला त्याहून जास्त. एवढा वेळ गाडीत माणसे गप्प बसत नाहीत. आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टरसुद्धा ज्या तालुक्यात टेप मोठ्याने लावून धावतात, तिथे घरच्या गाडीत गाणे नको असे म्हणणार कोण?

हल्ली हे गाणे पुष्कळ घरांत लॅपटॉपमधून वाजते. मोबाइल असताना लॅपटॉप कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. घरातल्या जुन्या कॅसेट मुलांनी वायर लावून लॅपटॉपमध्येच उतरवून ठेवलेल्या असतात. अझीझ नाझाँ, साबरी बंधू, प्रल्हाद शिंदे यांच्या कव्वाल्या एक वेळ इंटरनेटवर मिळतील. पण मेहंदीच्या रात्री ढोलक घेऊन बसलेल्या नानी, खाला आणि शेजारणी यांची दखनी गाणी कुठे मिळणार? फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट 1963 साली बाजारात आणली. ती आपल्या गावांपर्यंत पोचल्यावर प्रथमच घरच्या बायकांचा आवाज घरातच साठवता येऊ लागला. विजापूरच्या सूफींनी दळताना म्हणण्यासाठी दखनीत चक्कीनामे रचले, ते कागदावर राहिले. जात्यावर ते म्हणणाऱ्यांचा आवाज मात्र आपल्यापर्यंत आला नाही. कॅसेटमुळे एका पिढीचा आला आहे, आणि तो आज घरातल्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये पडून आहे.

आता अडचण अशी की गाडीत लॅपटॉप उघडा ठेवता येत नाही. मांडीवर धरला तर धरणाऱ्याचे हात अडकतात, आणि रात्री पडद्याचा उजेड काचेवर पडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून झाकण लावावे, तर गाणे लगेच बंद. पुष्कळांना वाटते की मशीन बिघडले. बिघडलेले काही नसते. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक छोटे लोहचुंबक बसवलेले असते आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 मध्ये विजेच्या प्रवाहावर चुंबकाचा जो परिणाम दाखवून दिला, त्यावरच हे सेन्सर चालतात. चुंबक जवळ आले की लॅपटॉप समजतो, मालकाचे काम संपले, आणि झोपतो.

त्याला झोपू नको असे सांगता येते. विंडोज असेल तर कंट्रोल पॅनल उघडावे, त्यात हार्डवेअर अँड साउंड आणि पुढे पॉवर ऑप्शन्स. तिथे डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ अशी ओळ दिसेल. ती दाबली की ‘व्हेन आय क्लोज द लिड’ समोर दोन रकाने येतात, एक बॅटरीवर असतानाचा आणि दुसरा चार्जर जोडलेला असतानाचा. तिथे ‘स्लीप’ असते, त्या जागी ‘डू नथिंग’ निवडून खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबावे. गाडीत लॅपटॉप बॅटरीवर चालणार, म्हणून आमच्या मते फक्त बॅटरीचा रकाना बदलला तरी पुरते. ॲपलच्या मॅकबुकमध्ये मात्र असा सोपा रकाना नाही. बाहेरचा पडदा जोडलेला नसेल तर झाकण लावताच ते झोपते.

लॅपटॉप टेपला जोडायला साधी ऑक्स केबल किंवा ब्लूटूथ चालते. केबल लावून त्याच वेळी गाडीतूनच लॅपटॉप चार्ज केला, तर कधी कधी गाण्यामागे बारीक घुईऽऽ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. स्पीकर गेला म्हणून कोणी नवा स्पीकर घेऊ नये. चार्जर काढून पाहावा. आवाज गेला तर दोष वायरींच्या जोडणीचा आहे. ब्लूटूथवर तो सहसा येत नाही.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. खरी काळजी पुढे आहे, आणि आमचा अनुभव असा की मुले इथपर्यंतच ऐकतात.

‘डू नथिंग’ केलेला लॅपटॉप झाकण लावल्यावरही जागाच राहतो. मुक्कामाला पोचल्यावर सवयीने झाकण लावून तो बॅगेत कोंबला, बॅग डिकीत गेली, तर तो आत चालूच राहणार. त्याचा पंखा खालून किंवा बाजूने हवा ओढतो. बॅगेत ती मिळत नाही. बहुतेक कंपन्या लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतच 42 अंश असतात, आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात आणखी वीसेक अंशांची भर पडते. लिथियमच्या बॅटरीला अशी भट्टी सोसत नाही. ती फुगते, आणि कधी पेटही घेते. म्हणून गाडीतून उतरताना लॅपटॉप नुसता मिटू नये, ‘शट डाउन’ करून बंद करावा आणि सोबत न्यावा. घरी आल्यावर ते सेटिंग पुन्हा ‘स्लीप’वर आणावे. ज्या मुलीच्या डिप्लोमाच्या अभ्यासासाठी तो घेतला आहे तिला या बदलाची कल्पना नसेल, तर ती कॉलेजच्या बॅगेतही तो जागाच घेऊन फिरेल.

दुसरी काळजी त्याहून मोठी. सात-आठ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या तबकड्या मिनिटाला साधारण 5400 वेळा फिरतात आणि त्यांवरून वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी उंचीवर तरंगत असते. गाणे वाजताना ती फिरतच असते. त्यात गतिरोधक आला, खड्डा आला, की टोक तबकडीवर आपटण्याची भीती. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, तिथे ही भीती नाही. पण जुनी कॅसेट उतरवलेली असते ती बहुधा जुन्याच लॅपटॉपमध्ये. मूळ कॅसेटला बुरशी आलेली, टेपरेकॉर्डर भंगारात गेलेला, आणि नानीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरलेला. ती एक प्रत खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरवायची का?

आम्ही तर म्हणू की गाडीत लॅपटॉप नेऊच नये. ट्रॅक्टरवाले या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. ते मोबाइलच्या दुकानातून चिप किंवा पेन ड्राइव्ह भरून घेतात आणि टेपला लावतात. झाकणाचा प्रश्नच येत नाही. 60 मिनिटांची एक कॅसेट साध्या दर्जाच्या एमपी थ्रीमध्ये 60 एमबीलाही भरत नाही. म्हणजे 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर अडीचशेहून जास्त कॅसेट मावतील. एवढ्या कॅसेट कोणत्या घरात असतात? पेन ड्राइव्ह 32 जीबीपेक्षा मोठा मात्र घेऊ नये. गाड्यांचे बरेच टेप फॅट 32 याच पद्धतीने भरलेला ड्राइव्ह वाचतात, आणि मोठे ड्राइव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीचे येतात. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर करून कपाटात ठेवावी, तिसरी मामूंच्या किंवा चाचांच्या घरी.

तरीही कधी लॅपटॉप न्यायचाच झाला, तर तो डॅशबोर्डवर ठेवू नये. जोराचा ब्रेक लागला की दोन किलोचे ते यंत्र कोणाच्याही तोंडावर येईल, आणि एअरबॅग तिथूनच उघडते. मागच्या माणसाच्या पायाशी, हवा लागेल असा ठेवावा. गाणी निघण्यापूर्वीच ओळीने लावून घ्यावीत. वाटेत बदलायचे झाले तर मागच्यांनी बदलावे, चालवणाऱ्याने हात लावायचा नाही. मोबाइल हातात घेऊन गाडी चालवणे 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यातच धरले आहे. मांडीवरच्या लॅपटॉपचा धोका त्याहून कमी नाही. गाणे कोणाच्या पसंतीचे, हे भांडण कायद्याच्या कक्षेत येत नाही. आम्ही एवढेच सुचवू की पहिला अर्धा तास दादीअम्मांचा असावा, कारण त्यानंतर त्यांना झोप लागते.

प्रती करतानाच एक काम उरकून घ्यावे. कॅसेटवरून उतरवलेल्या फायलींना ‘ट्रॅक 01’, ‘ट्रॅक 02’ अशीच नावे असतात. दादीअम्मा किंवा मोठ्या खाला यांना जवळ बसवून एकेक फाईल ऐकवावी. ढोलक कोणाच्या हातात आहे, पहिली ओळ कोण उचलते, मध्येच हसले कोण, निकाह कोणाचा आणि साल कोणते, हे त्या सांगतील. ते फाईलच्या नावातच लिहावे, मराठीत लिहिले तरी संगणक ते घेतो. गाडीच्या टेपवर नाव चौकोन-चौकोन दिसले तर पेन ड्राइव्हवरच्या प्रतीला फक्त आकडा द्यावा, कपाटातल्या प्रतीवर पूर्ण नाव राहू द्यावे.