अर्धा पेढा

साताऱ्यात राहून गोड सोडणे म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगून समजायचे नाही. पेठेतून संध्याकाळी चालत निघालात, तर भाजलेल्या खव्याचा वास चार दुकाने मागे टाकेपर्यंत पाठ सोडत नाही. कंदी पेढा जितका खरपूस, तितका माणूस कमकुवत! मी स्वतः डॉक्टर असूनही हे कबूल करतो.

माझा एक मित्र आहे. पेशाने शिक्षक, आता निवृत्त. कॉलेजपासून आम्हा दोघांचा नेम होता. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिला खेळ पाहायचा आणि सुटल्यावर पावशेर पेढे घेऊन सिनेमाची चिरफाड करत घरी परतायचे. १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला, तेव्हा तो आम्ही तीनदा पाहिला. त्यातले घरमालक सरपोतदार मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये गमावून बसतात, त्या प्रसंगाला आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. मधुमेह तेव्हा दुसऱ्यांना होत असे.

मित्राला तो निघाला २०११ साली. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सांगून झाले. पण शुक्रवारचा पेढा काही सुटेना. एके दिवशी त्याच्या घरी, वहिनी आणि मुलासमोर, मी त्याला फैलावर घेतले. ‘शिकल्यासवरल्या माणसाला एवढेही कळू नये?’ हे माझे शब्द. तो काहीच बोलला नाही. उठून पाणी प्यायला आणि टीव्ही लावून बसला. त्यानंतर ‘काम आहे’, ‘पाहुणे आलेत’ अशी कारणे सुरू झाली. माझ्याकडे तपासायला येणेही बंद झाले. मला वाटले, दुसरा डॉक्टर गाठला असेल. थोडा रागही आला, खोटे कशाला सांगू?

सव्वा वर्षाने वहिनी त्याला घेऊन दवाखान्यात आल्या. उजव्या पायाच्या करंगळीला जखम होती. चप्पल चावून झालेली. महिनाभर त्याने ती मोज्यात झाकून ठेवली होती. दुखत नव्हती, म्हणून काळजी वाटली नाही, असे तो म्हणाला. वाचकहो, न दुखणे हीच तर धोक्याची खूण! वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला तरी समजत नाही. मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी केली, तर आकडा दहाच्या वर. करंगळी काढावी लागली.

रुग्णालयातल्या खाटेवर त्याने मला सांगितले, की पेढे तो खातच होता. फक्त एकटा, दुकानाच्या मागच्या बोळात उभा राहून. पूर्वी आम्ही पावशेरात चौघे असायचो, हा एकटाच पावशेर संपवायचा. ‘तुझ्यासमोर खाल्ले असते तर दोनावर थांबलो असतो रे,’ असे म्हणून तो चक्क हसला.

तेव्हापासून माझे मत बनले आहे, ते काही सहव्यवसायींना रुचत नाही. मधुमेही माणसावर घरच्यांनी आणि मित्रांनी पहारा बसवला, की तो गोड सोडत नाही, लपवायला शिकतो. मग तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहून उपाशीपोटीची साखर चांगली आणणे, डबे लपवणे, जखमा झाकणे हे सगळे ओघाने येते. डॉक्टरच्या हाती उरतात ते खोटे कागद.

बरे झाल्यावर मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. हिशेबाची नको, रोजनिशीसारखी लिही, म्हटले. गोड खावेसे कधी वाटले, किती वाजता, जवळ कोण होते, खाल्ले की नाही. मी रागावणार नाही, असे पहिल्या पानावर लिहून सहीही केली! शिक्षकाची वही, तेव्हा समास सोडून सुवाच्य अक्षरात. तीत दोन गोष्टी सापडल्या. बहुतेक नोंदी संध्याकाळी सहा ते नऊमधल्या आणि बहुतेकींपुढे ‘एकटाच’. पण चार नोंदी दुपारच्या होत्या: ‘हात थरथरले, घाम आला, साखरेचा डबा उघडला.’ ती जिभेची ओढ नव्हती. गोळी घेऊन जेवण लांबवल्याने साखर उतरत होती. गोळी मी बदलून दिली. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालयात न्यावे. ही मंडळी ‘गोडाला हपापलेली’ नसतात, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

गूळ आणि मध चालतात का, असे पत्रातून हमखास विचारतात. साखर ती साखरच. ‘शुगर फ्री’ मिठाईतही अनेकदा खवा किंवा मैदा असतो. त्यापेक्षा जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून, खरा जिन्नस अगदी थोडा घ्यावा आणि त्या जेवणातला भात कमी करावा. उपाशीपोटी मात्र नको.

आमचा शुक्रवार पुन्हा सुरू झाला आहे, पण आता माझ्या घरी, टीव्हीसमोर. आधी तो मोजे काढतो, मी दोन्ही तळवे उजेडात पाहतो. मग पिठलं-भाकरी, मग सिनेमा, आणि बशीत एक पेढा दोघांत. मागच्या शुक्रवारी जुनाच ‘बनवाबनवी’ लागला होता. सत्तर रुपयांचा प्रसंग आला, तसे त्याने बशी माझ्याकडे सरकवली. त्याचा अर्धा तसाच होता. वहीत त्या तारखेपुढे त्याने लिहिले आहे: ‘विसरलो.’