दोन टक्क्यांपलीकडचा हिशेब

उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर भरलेल्या एका परिषदेला अलीकडेच हजर राहण्याचा योग आला. शाळांची स्वच्छतागृहे, बंधारे, फिरते दवाखाने यांची चित्रे दिवसभर पडद्यावर येत होती. कामे चांगलीच होती. परंतु चहाच्या वेळी शेजारचे एक लघुउद्योजक हळूच म्हणाले, "ज्या कंपनीला आज इथं मानचिन्ह मिळतंय ना, तिच्याकडे माझं बिल सात महिने अडकलंय." विषयपत्रिकेत या गाऱ्हाण्याला जागा नव्हती. आपल्याकडील या चर्चेची खरी उणीव हीच आहे.

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 एप्रिल 2014 पासून अमलात आले आणि ठरावीक आर्थिक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी आली. सुरुवातीला खर्च का झाला नाही, याचे कारण अहवालात दिले की भागत असे. जानेवारी 2021 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली. उरलेली रक्कम ठरलेल्या निधीत किंवा स्वतंत्र खात्यात भरणे सक्तीचे झाले.

याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र 2 टक्के मोजण्याच्या नादात नफा मुळात मिळवला कसा, हा प्रश्न मागे पडला. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च या रकमेत धरता येत नाही, असे नियम सांगतात. ते योग्यच आहे. कामगाराला सुरक्षित यंत्र पुरवणे हे दान नव्हे, देणे आहे.

लघुउद्योजकाचे बिलही देणेच. 2006 च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते व्हायला हवे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तरीही तक्रार करायला फारसे कोणी धजावत नाही, कारण तक्रारीबरोबर पुढची ऑर्डरही जाते. 2023 च्या वित्त कायद्याने मुदतीत न चुकवलेल्या अशा रकमेची त्या वर्षीची करवजावट रोखली, तेव्हा मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, ही भीती लहान उद्योजकांनीच बोलून दाखवली होती.

वास्तविक जबाबदारीची वेगळी समज आपल्या उद्योगांत जुनीच आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली, कायद्याची सक्ती येण्याच्या कितीतरी आधी, आठ तासांचा दिवस सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही वसवली. ही जबाबदारी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम नव्हती. ती कारखाना चालवण्याच्या रीतीतच होती.

तेव्हा पारितोषिके देणाऱ्यांनी बंधाऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर दोन आकडे मागावेत: लहान पुरवठादारांची बिले किती दिवसांत चुकती होतात, आणि कंत्राटी कामगार धरून वर्षात किती अपघात झाले. ही माहिती मिळवणे अवघड नाही. 'सेबी'ने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीच्या केलेल्या जबाबदारी अहवालात कामगारांच्या सुरक्षिततेचे तपशील मागितलेच आहेत.

समारंभापर्यंत ते उद्योजक थांबले नाहीत. महिनाअखेर होती, कामगारांच्या पगाराची जुळवाजुळव करायची होती.