नातवाचा चेंडू

आमचा नातू गेलें वर्षभर संगणकावर त्रिमिति आकृति घडविण्याचा व चालविण्याचा अभ्यास करीत आहे. त्यावरून घरांत दोन पक्ष पडले. सूनबाईंच्या मतें पदवी अर्धी टाकून हा खेळ कशास. धाकट्या चिरंजीवांच्या मतें शहरांतील एका संस्थेंत कांहीं लाख भरावे, म्हणजे मुलगा मार्गास लागेल. निवाडा आमच्याकडे आला, तेव्हां आम्ही पंधरा दिवस नातवाशेजारीं खुर्ची टाकून बसलों.

आकृति म्हणजे बिंदु, रेषा व चौकोनी पृष्ठें यांचें जाळें. कोपर व गुडघा येथें जाळ्याचे वेढे अधिक द्यावे लागतात, नाहींतर वांकतांना कातडें चुरगळतें. मग आंत अस्थिपंजर बसवावयाचा. खांदा हलला कीं दंड, मनगट, बोटें निमूटपणें मागून येतात. परंतु पाऊल भुईवर टेकून ठेवावयाचें तर उलट योजना करावी लागते, पाऊल जाईल तिकडे गुडघा व मांडी जातात. हें सांगतांना नातवानें आमच्याकडे कां पाहिलें, तें आम्हांस कळलें! प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती अंमल, हें शून्य ते एक या प्रमाणांत ठरवावयाचें असतें. त्यांतच त्याचे तीन आठवडे गेले होते.

एवढें करून त्याचा माणूस चाले तो पाण्यांत तरंगल्यासारखा. सेकंदास २४ चित्रें लागतात. मुख्य स्थिति आपण द्यावयाच्या, मधल्या यंत्र भरतें. तें सवयीनें सगळें मऊ करून टाकतें, त्यामुळें वजन दिसत नाहीं. चौकशीअंतीं कळलें, कीं चेंडू उडविण्याचा पहिला धडा चिरंजीवांनीं गाळला होता. मुळाक्षरें न गिरवितां निबंध! आम्हीं त्यास चेंडूकडे परत पाठविलें. वर जातांना मंदावणारा, खालीं येतांना वेग घेणारा, आपटतांच तत्काळ उसळणारा चेंडू साधावयास चार दिवस लागले.

नंतर त्यानें आम्हांस अंगणांत चालावयास लावून चित्रण घेतलें. तें पाहून म्हणाला, "आजोबा, डाव्या पायावर तुम्ही भार उशिरां टाकतां. गुडघा दुखतो ना?" सहा महिने आम्हीं तें कोणास कळूं दिलें नव्हतें.

आमचा निवाडा असा: फी भरूं नये. ज्या 'ब्लेंडर'वर तो शिकतो, त्याची संहिता २००२ सालीं लोकवर्गणीनें एक लक्ष युरो जमवून सर्वांस मोकळी करण्यांत आली. त्यावरच घडविलेल्या 'फ्लो' या लाटवियाच्या चित्रपटास २०२५ सालीं ऑस्कर मिळालें. साधनाची अडचण नाहीं. पदवी मात्र पुरी करावी, व रोज दोन तास यास द्यावे. सूनबाईंस हें मान्य आहे. धाकटे चिरंजीव अद्याप रुसलेले आहेत. सोमवारीं नातू आम्हांस हाडांच्या वैद्याकडे नेणार आहे.