रंग चढण्याआधी वेल्ड पाहा

लोखंडी कामावर रंगाचा हात फिरला की आतले सगळे झाकले जाते. म्हणून फॅब्रिकेशनच्या प्रत्येक कामात एक शिस्त सक्तीची हवी: वेल्ड तपासून झाल्याशिवाय त्याला रेड ऑक्साइडचा ब्रश लागता कामा नये. ही मागणी कुणाला किरकोळ वाटली, तर त्याने ‘अलेक्झांडर किलँड’ची दुर्घटना आठवावी.

उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा हा तरंगता तळ. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात त्याच्या पाच पायांपैकी एक पाय तुटून निघाला आणि थोड्याच वेळात तळ उलटला. वर २१२ माणसे होती. त्यांतली १२३ दगावली. चौकशीत मूळ सापडले ते एका ब्रेसवर हायड्रोफोन बसवण्यासाठी जोडलेल्या लहानशा आधाराशी. त्याचा फिलेट वेल्ड जेमतेम ६ मिलिमीटरचा आणि निकृष्ट होता. तिथून निघालेली भेग लाटांच्या हेलकाव्यांनी वाढत गेली, ब्रेस तुटला आणि त्यावरचा भार न पेलल्याने बाकीचेही तुटले. त्या भेगेच्या आत रंगाचे अंश मिळाले. म्हणजे रंग देताना भेग तिथे होतीच. ब्रश फिरण्याआधी कुणी तेवढी जागा नीट पाहिली असती, तर ती सापडण्याची संधी होती.

आपल्याकडचे उदाहरण अजून ताजे आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचे वेल्डिंग ही कारणे चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आली. सांगाडा आवरणाआड गेल्यावर त्याचे सांधे तपासणे अवघड होऊन बसते. त्यांची पाहणी आवरण चढण्याआधीच व्हायला हवी.

आता आपल्या गच्चीवरच्या शेडकडे, पाण्याच्या टाकीच्या स्टँडकडे, चौकातल्या होर्डिंगकडे याच नजरेने पाहा. वेल्ड झाला की ग्राइंडर फिरतो, कारण मालकाला जोड गुळगुळीत हवा असतो. फिलेट वेल्डची ताकद त्याच्या गळ्यात, म्हणजे मुळापासून पृष्ठभागापर्यंतच्या सर्वांत कमी अंतरात असते. पायाचे माप ६ मिलिमीटर असेल, तर गळा साधारण ४.२ मिलिमीटर भरतो. चकचकीत करण्याच्या नादात त्यातले २ मिलिमीटर घासले गेले, की जवळजवळ निम्मी ताकद गेली. उरलेल्या खड्ड्यांत पुट्टी भरली जाते आणि वर रंग बसतो. दिसायला काम सुबक असते, पण जोड अर्धा झालेला असतो.

याचा सगळा दोष वेल्डरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे फॅब्रिकेशनचा दर बहुधा किलोवर ठरतो. जाड अँगल वापरला तर बिल वाढते. वेल्ड पूर्ण लांबीचा केला तर वजनात नाममात्र भर पडते, पण रॉड, वीज आणि वेळ मात्र भरपूर जातो. मग चारी बाजूंनी वेल्ड हवा तिथे दोन टाके मारून भागवले जाते. पावसाळ्यात दमट झालेले रॉड न सुकवता वापरले जातात, गंजावर आणि जुन्या रंगावरच आर्क धरला जातो, आणि वेल्डमध्ये छिद्रे राहतात. कारागिराला हे कळत नाही असे मुळीच नाही. नीट केलेल्या कामाचे पैसे कुणी देत नाही, हेही त्याला कळते.

उपाय महागडे नाहीत. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक वेल्डचे माप आणि लांबी लिहा. भार पेलणारे काम आयएस ७३१० प्रमाणे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. स्लॅग ठोकून काढल्यावर दिवसाच्या उजेडात, वेल्ड गेज हातात घेऊन प्रत्येक जोड पाहा. महत्त्वाच्या जोडांवर डाय पेनेट्रंटची चाचणी करा: लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा, पृष्ठभागावर उघडणारी भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. ही चाचणी उघड्या धातूवरच करायची असते. भेगेत रंग भरला की द्रव आत शिरत नाही आणि दोष लपून राहतो.

गृहनिर्माण संस्था, शाळा, ग्रामपंचायती आणि महापालिका यांना आमचे आवाहन आहे: लोखंडी बांधकामाच्या प्रत्येक कार्यादेशात एक कलम घाला. रंग देण्यापूर्वी सर्व वेल्ड अभियंत्याला दाखवावेत, त्यांची छायाचित्रे आणि सहीचा तपासणी अहवाल जोडावा, आणि त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. वेल्डिंगची मजुरीही किलोच्या दरातून वेगळी काढून वेल्डच्या लांबीवर द्या. एवढे न करता रंगवलेला सांगाडा ताब्यात घेणाऱ्याने त्याच्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसांची जबाबदारीही आपल्यावर घेतली आहे, हे ओळखावे.