चौसष्टांतले चार कुठे गेले?

रहिमतपूरच्या पेठेत काय किंवा सातारा-सांगलीच्या बाजारात काय, मेमरी कार्ड विकणाऱ्यास एका प्रश्नाला तोंड द्यावेच लागते. वेष्टनावर ६४ जीबी छापलेले असते. कार्ड संगणकाला जोडले की आकडा दिसतो ५९.६. ‘उरलेले चार कुठे गेले?’ असे ग्राहक विचारतो. ‘कंपनीच तसे देते’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही आणि तो मनात किंतु घेऊन परततो.

वस्तुतः येथे माल कमी नाही. मापे दोन आहेत. कार्ड बनविणाऱ्यांचा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोज प्रणाली मात्र १०२४ च्या पटीत मोजते. तिचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा. कार्डातील ६४०० कोटी बाइट या मोठ्या मापाने मोजले की ५९.६ भरतात. याच हिशेबाने ३२ चे २९.८ आणि १२८ चे ११९.२ होतात. कोणती फाईल कुठे ठेवली आहे याची नोंद आणखी थोडी जागा घेते. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये मोठ्या मापाला ‘गिबीबाइट’ हे वेगळे नाव दिले. परंतु बाजारात ते रुजले नाही.

व्यापारी घराण्यांना हे नवे वाटू नये. पूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक असे. नाव एक, वजन निराळे. म्हणून मण कुठला, हे सौद्याआधीच स्पष्ट करून घ्यावे लागे. अमेरिकेत जीबीच्या याच फरकावरून सँडिस्क कंपनीवर दावा झाला होता. एक जीबी म्हणजे किती बाइट, हे वेष्टनावरच छापलेले असल्याने २०२० मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याला तेवढे पुरले. पण बारीक अक्षरे वाचून खरेदी करणारे ग्राहक थोडेच. दुकानदाराने ‘६४ चे ५९.६ दिसतील’ हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले, तर संशयाला जागाच राहत नाही.

दुसरा प्रकार मात्र उघड फसवणुकीचा आहे. ८ जीबीच्या कार्डातील नियंत्रक चिपमध्ये फेरफार करून ते १२८ जीबीचे भासविले जाते. संगणकही त्या बनावट नोंदीवर विश्वासून ११९ चा आकडा दाखवितो; तेव्हा आकडा जुळला म्हणजे कार्ड खरे, असे समजू नये. खरी जागा संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. पुढे नवी छायाचित्रे जुन्यांवर लिहिली जातात किंवा नाहीशी होतात. विवाहाचे अथवा दीक्षा समारंभाचे चित्रीकरण असे गेले, तर कार्डाची किंमत परत देऊन काय भरपाई होणार?

यावर खात्रीचा उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरावे आणि भरलेले सर्व पुन्हा वाचून पाहावे. त्यासाठी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारखी साधने मोफत मिळतात. घाऊक माल घेणाऱ्याने प्रत्येक खेपेतील काही कार्डे अशी तपासावीत. भाव अतिशय स्वस्त असेल, तर अवश्य तपासावीत.

अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार हे शेजारी शेजारी येतात. पहिला खोट्या मापाचा, दुसरा खऱ्याच्या जागी नकली वस्तू देण्याचा. ६४ चे ५९.६ दिसणे यांपैकी कशातच मोडत नाही. तेथे ग्राहकाला समजावून सांगणे एवढेच कर्तव्य उरते. नकली कार्ड मात्र दुसऱ्यात निश्चित मोडते. ‘मला वरून जसे आले, तसे मी विकले’ हे उत्तर शंका येऊनही न तपासणाऱ्याला शोभत नाही. तराजू गेला, तरी माप राखण्याची जबाबदारी गल्ल्यावर बसणाऱ्याचीच आहे.